टन कुठला आणि तास किती? – धुरातला कार्बन पकडण्याचा हिशोब

तराजू

परवा एका ओळखीच्यांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं असं की सौर-पवनचा एवढा गवगवा कशाला? कोळशाची केंद्रं आहेत तशी चालू द्यावीत, धुराड्यावर कार्बन पकडायचं यंत्र बसवावं, प्रश्न मिटला. मी तावातावाने "महाग पडतं हो ते" म्हणालो, आणि "किती महाग?" म्हटल्यावर गप्प बसलो. मग दोन सुट्ट्या कागद-पेन्सिलीत घालवल्या. जे हाती लागलं ते इथे मांडतो. चुकलं असेल तिथे कान धरा.

यंत्र साधारण असं चालतं. कोळशाच्या धुरात १२ ते १४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. हा धूर एका उंच मनोऱ्यात अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणातून सोडतात आणि द्रावण कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. दुसऱ्या मनोऱ्यात तेच द्रावण १२० अंशांच्या आसपास तापवलं की वायू सुटतो आणि द्रावण परत पहिल्या मनोऱ्यात कामाला लागतं. सुटलेला वायू १०० बारच्या वर दाबायचा, नळाने न्यायचा आणि ८०० मीटरपेक्षा खोल खडकात सोडायचा. यात नवीन काही नाही. अमाइनने वायू धुण्याचं पेटंट १९३० सालचं आहे.

खर्चाची मेख त्या "तापवलं की"मध्ये आहे. जी वाफ टर्बाइन फिरवायची तीच द्रावण तापवायला वळते. वर कॉम्प्रेसरला वीज लागते ती वेगळीच. केंद्राची २० ते ३० टक्के वीज अशी घरच्या घरी संपते.

आता आकडे. यंत्राशिवाय १००० युनिटं बनवली की ०.९ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असं धरू. यंत्राने पाव हिस्सा वीज खाल्ली, तर तेवढीच १००० युनिटं बाहेर द्यायला १.३३ पट कोळसा जाळावा लागणार. म्हणजे तयार झाला १.२ टन. त्यातला ९० टक्के पकडला, १.०८ टन. निसटला ०.१२ टन.

पकडला १.०८, पण हवेत जायचा वाचला किती? ०.९ वजा ०.१२, फक्त ०.७८ टन. मधला ०.३ टन आपण पकडण्यासाठीच तयार केला! म्हणून "टनाला ६० डॉलर" असं कुठे वाचलं की आधी विचारायचं, टन कुठला? पकडलेला की वाचलेला? पकडलेल्या टनाचे ६० डॉलर म्हणजे १००० युनिटांवर ६५ डॉलर, आणि वाचलेल्या टनामागे ८३.

ते ६५ डॉलर युनिटवर पसरले तर साडेसहा सेंट होतात, आणि ते मूळ विजेच्या खर्चावर चढतात. आयरेनाच्या (आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्था) हिशोबाने २०२३ मध्ये नव्या मोठ्या सौर प्रकल्पांची अख्खी वीजच जगाच्या सरासरीने युनिटला साडेचार सेंटच्या आत पडली. म्हणजे नुसतं धुराड्याचं टोपडं अख्ख्या सौर विजेपेक्षा महाग.

प्रत्यक्षातलं उदाहरण टेक्सासच्या पेट्रा नोव्हाचं, कोळशाच्या केंद्रावर बसवलेल्या पकडयंत्राचं. जानेवारी २०१७ मध्ये सुरू झालं. २४० मेगावॉटचा धूर, वर्षाला १४ लाख टन पकडायची क्षमता, खर्च सुमारे १०० कोटी डॉलर. तेवढ्याच पैशात वॉटला एक डॉलर धरला तर १००० मेगावॉट सौर येतं. पाव क्षमतेने चाललं तरी वर्षाला २१९ कोटी युनिटं. त्याने तितकी कोळशाची वीज बंद पाडली तर जवळजवळ २० लाख टन वाचले. शिवाय हे वीज विकतं, ते वीज खातं.

माझ्या मते विषय संपला. तुम्हाला काय वाटतं?

पवनपुत्र_२

+१. बैल गेला नि झोपा केला, त्यातला प्रकार. आधी जाळायचं आणि मग त्याच्या मागे पळायचं.

एक भर घालतो. सौर पॅनेल कारखान्यात लाखांनी निघतं, जगातलं एकूण उत्पादन दुप्पट झालं की किंमत साधारण पाचव्या हिश्शाने उतरते. बॅटरीचंही तेच. २०१० मध्ये किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर असलेला बॅटरी पॅक २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आला, ऊर्जाबाजाराचा अभ्यास करणाऱ्या ब्लूमबर्ग एनईएफची सरासरी आहे ही. कार्बन पकडायचा मनोरा मात्र दरवेळी नव्याने, त्या त्या जागेच्या मापाने बांधावा लागतो. १९३० चं पेटंट आणि अजून स्वस्त होतंच आहे!

कोलदांडा

तराजू, हिशोब झकास जमवलाय, पण "विषय संपला" म्हणायची घाई नडली. तुमची २१९ कोटी युनिटं सगळी दिवसाची आहेत. एकूण विजेतल्या पहिल्या १० टक्क्यांना हा हिशोब लागू पडतो, शेवटच्या १० ला नाही.

जर्मनी बघा. २०२४ मध्ये ४५७ तास तिथे विजेचा घाऊक भाव शून्याखाली होता. "घ्या, वर पैसे देतो" अशी स्थिती. म्हणजे दुपारच्या जास्तीच्या युनिटाने कोळशाचं एकही युनिट बंद पडत नाही, दुसऱ्या सौर युनिटालाच ते ढकलतं. आणि त्याच वर्षी १२ डिसेंबरला संध्याकाळी, ना ऊन ना वारा, भाव मेगावॉट-तासाला (म्हणजे १००० युनिटांना) ९०० युरोच्या वर. तिकडे या अवस्थेला डुंकेलफ्लाउटं म्हणतात, अंधारी पडी म्हणा हवं तर. ती चार तासांची नसते, चार-चार दिवसांची असते. बॅटऱ्या साधारण चार तासांच्या येतात.

मग त्या चार दिवसांची वीज कुठून आणणार? तिथे साडेचार सेंटच्या सौर विजेशी तुलनाच होत नाही. त्या वेळी ती उपलब्धच नसते.

वाचनमात्र

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण एक बाळबोध शंका. पकडलेल्या वायूचं काही बनवून विकता येत नाही का? म्हणजे खर्च वसूल.

रीबॉयलर

येतं की. जुन्या तेलविहिरीत सोडतात, म्हणजे चिकटून राहिलेलं तेल सैल होऊन वर येतं. पेट्रा नोव्हाचं गणित त्याच तेलावर उभं होतं. २०२० मध्ये तेल गडगडलं आणि मे महिन्यात यंत्र बंद. पुन्हा चालू झालं थेट सप्टेंबर २०२३ मध्ये. मधल्या काळात बराच वेळ कोळसा जळतच होता, धूर सरळ वर. आणि या यंत्राला लागणारी वाफ-वीज पुरवायला शेजारी वेगळं गॅसचं युनिट बांधलेलं, त्याचा धूर पकडत नव्हते. त्या १४ लाख टनांतून तोही वजा करा.

आता मूळ मुद्द्यावर. बावीस वर्षं अमाइन युनिटवर काढलीत, वीजकेंद्रात नाही, नैसर्गिक वायू शुद्ध करणाऱ्या कारखान्यात. तिथे हे काम सोपं असतं. वायू मुळातच दाबाखाली, त्यात ऑक्सिजन नाही, राख नाही. नॉर्वेच्या समुद्रातलं स्लाइपनर हे वायूक्षेत्र १९९६ पासून व्यवस्थित चाललंय ते याचमुळे. वायू विकण्याआधी त्यातला कार्बन डायऑक्साइड काढावाच लागत होता. काढलेला हवेत सोडला तर १९९१ पासूनचा कर बसत होता, म्हणून तो समुद्राखालच्या खडकात घातला.

कोळशाचा धूर म्हणजे याच्या नेमका उलट. दाब जवळजवळ हवेइतकाच, त्यात ऑक्सिजन, उरलासुरला सल्फर डायऑक्साइड आणि उडती राख. ही तिन्ही अमाइनची शत्रू.

आमच्या स्वच्छ वायूत काय व्हायचं ते सांगतो. एका रात्रपाळीला मनोऱ्यावरचा दाबफरक चढायला लागला. काटा हळूहळू वर, तळातली लेव्हल खाली. वरच्या ड्रमचा ड्रेन उघडला तर द्रव येण्याऐवजी फेस. बादलीभर, साबणासारखा. फेसरोधक ओतलं, वायूचा प्रवाह निम्म्यावर आणला, सकाळपर्यंत कसंबसं रुळावर आलं. नमुन्याची बाटली दिव्यासमोर धरली. ताजं अमाइन पाण्यासारखं नितळ असतं, आमचं गंजलेल्या टाकीतल्या पाण्यासारखं तपकिरी, आणि बूच काढल्याबरोबर अमोनियासारखी झिणझिणी थेट डोळ्यात. साहेबांनी अमाइन गाळणारा कोळशाचा फिल्टर बदलायचा खर्च दोन तिमाह्या पुढे ढकलला होता. (फिल्टरमध्येही कोळसाच. कितीही उगाळला तरी काळाच.)

कॅनडाच्या बाउंड्री डॅम या कोळसा केंद्राला २०१४ पासून हेच सोसावं लागलंय, राखेने बुजणं आणि अमाइन खराब होणं. वर्षाला १० लाख टनांचं यंत्र, पण पहिले ५० लाख टन भरायला २०२३ साल उजाडलं. त्याच केंद्रात पुढच्या दोन युनिटांना यंत्र बसवायचं नाही असं कंपनीने २०१८ मध्येच ठरवून टाकलं. चालवून बघितलेल्या लोकांचा हा निर्णय आहे, तो मला दहा अहवालांपेक्षा जास्त सांगतो.

म्हणून कुठल्याही हिशोबात "९० टक्के पकड" दिसली की मी विचारतो, यंत्र चालू असतानाची की वर्षाची सरासरी?

उंटावरचा

केंपर राहिलं की हो! मिसिसिपीत लिग्नाइटचा, म्हणजे हलक्या कोळशाचा, आधी वायू करायचा, जाळण्यापूर्वीच कार्बन काढून घ्यायचा, असा भव्य बेत. ३०० कोटी डॉलरच्या आसपास निघाले, ७५० कोटींवर पोचले, २०१७ मध्ये कोळशाचा नाद सोडून साधा नैसर्गिक वायू जाळायला लागले. २०२१ मध्ये तो कोळशाचा वायू करणारा सांगाडा सुरुंग लावून पाडला. कार्बन न पकडता पडलेली ही जगातली सर्वात महागडी इमारत असावी.

कोलदांडा

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. अणुकेंद्रांचेही खर्च असेच फुगलेत, म्हणून कोणी अणुऊर्जा निकालात काढत नाही. माझा प्रश्न तसाच आहे. त्या चार दिवसांचं काय?

आकडेमोडी

कोलदांडा यांचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर त्यांच्याच बाजूवर उलटतं. कसं ते सांगते.

काही वर्षांपूर्वी मी एका सल्लागार कंपनीत होते. एका केंद्राला कार्बन पकडायचं यंत्र परवडेल का याचा अहवाल करायचा होता. एक्सेलमध्ये एक सेल होता, वार्षिक भारांक, म्हणजे केंद्र वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या किती टक्के चालतं तो आकडा. त्यात ८५ टक्के. मी विचारलं, आजूबाजूला एवढं सौर-पवन येतंय, हे केंद्र दहा वर्षांनी ८५ टक्के कसं चालेल? वरिष्ठ म्हणाले, "तो सेल लॉक आहे." खरंच लॉक होता, पासवर्ड घालून. ७० टक्के घातले असते तरी प्रकल्प तोट्यात गेला असता हे मी घरी दुसऱ्या प्रतीवर करून बघितलं. अहवाल ८५ नेच गेला.

आता मुद्दा. पकडायच्या यंत्रात पैसा मुख्यतः एकदाच, बांधताना लागतो. समजा भांडवलाचा वार्षिक बोजा ४ कोटी डॉलर. केंद्र ८५ टक्के चाललं आणि १० लाख टन पकडले, तर टनाला ४० डॉलर. ३५ टक्केच चाललं तर ४.१ लाख टन, म्हणजे टनाला ९७. यंत्र तेच, अमाइन तेच, फक्त तास कमी. सौर-पवनला इंधन नाही, त्यामुळे ते जेव्हा असतात तेव्हा बाजारात आधी त्यांचाच नंबर लागतो आणि कोळशाचे तास खातात. म्हणजे कोलदांडा म्हणतात तसं यंत्र फक्त अंधाऱ्या पडीसाठी ठेवलं, तर ते सर्वात महाग होतं तेव्हाच आपण त्याला वापरणार. सतत चाललं तर परवडणारं यंत्र आपण क्वचित चालणाऱ्या कामाला लावतोय.

ब्रिटनमध्ये हे ओळखलंय. टीसाइडला ७४२ मेगावॉटचं गॅस केंद्र कार्बन पकडण्यासकट बांधतायत. त्याच्या करारात नुसत्या विजेचे पैसे नाहीत, "तयार राहण्याचे" पैसे आहेत. चाललं नाही तरी उपलब्ध असल्याबद्दल मोबदला, म्हणजे पवनचक्क्यांना बाजूला सारून चालायचा मोह नको. हा प्रामाणिक करार आहे असं मला वाटतं. आपण वीज नाही, विमा विकत घेतोय, हे त्यात उघड आहे.

उलट अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने खडकात कायमच्या पुरलेल्या टनाला ८५ डॉलरपर्यंत करसवलत आहे. पुरलेल्या, वाचलेल्या नव्हे. तराजूंच्या हिशोबातला तो फुकटचा ०.३ टनसुद्धा तिथे बिलात लागतो. वर जितके तास जास्त चालाल तितकं अनुदान जास्त. सूर्य डोक्यावर असताना कोळसा जाळायला सरकार पैसे देतंय असं चित्र होऊ शकतं.

पवनपुत्र_२

आकडेमोडीताई, तो लॉक केलेला सेल फ्रेम करून लावायला हवा.

तराजू

ताई, तुमच्या प्रतिसादाने माझा "विषय संपला" मागे घेतो आणि एक नवा हिशोब टाकतो. काल रात्री झोप नाही लागली त्यामुळे.

१ मेगावॉट मागणी घेऊ, कायमची. पहिला पर्याय, कोळसा अधिक पकडयंत्र, ८५ टक्के तास. ७४४६ मेगावॉट-तास गुणिले ०.१२, म्हणजे वर्षाला निसटले सुमारे ८९० टन. दुसरा पर्याय, सौर, पवन, बॅटरी, आणि अंधाऱ्या पडीला अगदी साधी गॅस टर्बाइन, काहीही न पकडणारी, मेगावॉट-तासाला अर्धा टन ओकणारी. ती ५०० तास चालली तर २५० टन.

म्हणजे उघडी टर्बाइन कमी वेळ चालवली तर झाकलेल्या कोळशापेक्षा कमी ओकते! बरोबरी होते ती १८०० तासांच्या जरा आत. त्याच्या पलीकडे गेलं तर पकडयंत्र जिंकतं, निदान टनांत. आणि टर्बाइन बांधायला स्वस्त, त्यामुळे ती नुसती उभी राहिली तरी कमी झोंबतं.

म्हणून मी विचारत होतो तो प्रश्नच चुकीचा होता. "कोळशाचा धूर पकडणं महाग की सौर" हा नाही. सौर-पवन जितकं घालता येईल तितकं घातल्यावर किती तास उरतात, हा आहे.

कोलदांडा

हे पटलं. पण दोन खिळे ठोकतो. एक, ५०० तास हा आकडा तुम्ही हवेतून धरलाय. पुरेशा बॅटऱ्या आणि लांबच्या वाहिन्या नसतील तर ३००० तासही उरतील आणि मग १५०० टन. दोन, नैसर्गिक वायूच्या नळांतून मिथेन गळतो, तो तुमच्या २५० टनांत नाही.

मात्र कोळशावरचा माझा हट्ट सोडतो. गॅसवर पकडायचं तर धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम ४ टक्के, टनामागे काम जास्त. पण युनिटमागे टनच कमी, हे लक्षात घ्यायला हवं. आणि सिमेंटला दुसरा पर्यायच नाही. तिथला निम्म्याहून जास्त वायू इंधनातून नाही, चुनखडीतूनच निघतो. नॉर्वेत ब्रेव्हिकला सिमेंट कारखान्यावरचं यंत्र २०२५ मध्ये सुरू झालंय, वर्षाला ४ लाख टन. तो कारखाना दिवसरात्र चालतो, आकडेमोडीताईंचा सेल तिथे खराखुरा ८५ भरतो.

वाचनमात्र

म्हणजे यंत्र वाईट नाही, त्याला चुकीच्या घरी दिलं?

उंटावरचा

वाचनमात्र यांनी दोन हजार शब्द एका ओळीत बसवले. सदस्यनाम बदला राव.

तराजू

कोलदांडा, दोन्ही खिळे मान्य. ३५ टक्के घालून माझं पहिलं गणित परत केलं. ६० डॉलरमधले ४० भांडवलाचे, २० चालवण्याचे धरले. भांडवल ९७ झालं, चालवणं तेवढंच ठेवलं, पकडलेला टन ११७ वर. वाचलेला टन १६२. युनिटवर चढतात साडेबारा सेंट, आधी साडेसहा होते. फाइल कोणाला हवी असेल तर देतो. एकही सेल लॉक नाही.

रीबॉयलर

फाइल पाठवा. पण चालवण्याचे २० तसेच ठेवलेत तिथे अडलो. ३५ टक्के म्हणजे वर्षात किती वेळा बंद-चालू धरलंत? थंड पडलेला मनोरा तापून द्रावण नीट वायू सोडायला लागेपर्यंत तास-तास जातात, आणि तेवढा वेळ धूर सरळ धुराड्यातून जातो. एका वाऱ्याच्या दिवसाला दोनदा बंद-चालू करायची वेळ आली तर त्या दिवशी ९० टक्के सोडाच. ती नोंद कुठल्या रकान्यात आहे?